निशी-कासाई ते कोराकुएन: आजी, नातवंडं आणि मे महिन्यातला जपान

निघण्याआधी, कोथरूड

जपानच्या व्हिसाच्या कागदांमध्ये एक तक्ता भरून द्यावा लागतो. तारीख, त्या दिवशीचा कार्यक्रम, रात्रीचा मुक्काम, तिथला पत्ता आणि फोन. बहुतेक लोक तो शेवटी कसाबसा भरतात. नवऱ्याने तो जानेवारीतच छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही कार्यक्रमाला हात न लावता आधी फक्त मुक्कामाचा रकाना भरायला घेतला. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा धाकटा. अशा पलटणीचा प्रत्येक मुक्कामबदल अर्धा दिवस खातो. सकाळी आवराआवर, दहा-अकराला खोली सोडायची आणि जपानात नवी खोली दुपारी तीनशिवाय सहसा हातात येत नाही. मधले चार-पाच तास बॅगा सांभाळत स्टेशनात काढायचे. म्हणून कुठे झोपायचं ते आधी, काय बघायचं ते नंतर. टोकियो, क्योटो, ओकायामा आणि शेवटी ओसाका. बाकी सगळं ह्याच गावांतून सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

पहिला बळी हाकोनेचा गेला. नवऱ्याला तिथला रोपवे आणि तळ्यातली चाच्यांची बोट फार खुणावत होती. पण एका रात्रीसाठी गाव बदलायचं नाही, असा नियम त्यानेच घातलेला. दोन दिवस गृहस्थ जरा गप्प होते.

तारखांचं म्हणाल तर मेचा मधला काळ. २९ एप्रिल ते ५ मे ह्या 'गोल्डन वीक'मध्ये अख्खा जपान घराबाहेर पडतो, हॉटेलं दुपटीला जातात. जून लागला की पाऊस येतो. चेरीची फुलं तोवर केव्हाच गळालेली असतात, ह्याची आमच्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त हळहळ वाटली. मार्चअखेर आमच्या शाळेत परीक्षा असते, हे फुलांना कोण सांगणार?

विमानाची तिकिटं जाताना टोकियोची आणि येताना ओसाकाहून काढली. म्हणजे नकाशावर एकाच दिशेने सरकत जायचं, विमान पकडायला उलटं टोकियोला यायला नको. रेल्वेचा तो प्रसिद्ध देशभराचा पास मात्र घेतला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाली. टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार. एकदाच त्या रस्त्याने जाणाऱ्याला पास परवडत नाही. त्याऐवजी पश्चिमेकडच्या भागापुरता पाच दिवसांचा पास मिळतो, त्यात नारा, ओकायामा, हिरोशिमा आणि मियाजिमा बेटाची बोट सगळं येतं. एकच अट लक्षात ठेवायची, ह्या पासवर शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, शिन-ओसाकापासून पुढे चालते. क्योटो ते शिन-ओसाका साध्या गाडीने यायचं.

खाण्याची तयारी हा स्वतंत्र अध्याय. आई, म्हणजे सासूबाई, शुद्ध शाकाहारी. जपानात भाजीतसुद्धा 'दाशी' असतं, म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी, आणि ते सूपपासून सोया सॉसमध्ये बुडवून खायच्या नूडल्सपर्यंत कुठेही असू शकतं. आमच्या सोसायटीतली एक मुलगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते. तिने एका कार्डावर सुबक अक्षरात लिहून दिलं: मांस नाही, मासे नाहीत, माशाचं दाशीही नाही, अंडं आणि दूध चालेल. कार्ड लॅमिनेट करून घेतलं. आईंना हापूसची पेटी न्यायची होती. ताजी फळं सामानातून नेता येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आंबापोळी घेतली, मेतकूट घेतलं, दडप्या पोह्यांचं कोरडं साहित्य घेतलं आणि बाकरवडीची पाकिटं माझ्या बॅगेत परस्पर सरकवली.

टोकियो, पहिला दिवस

नारिताला उतरलो तेव्हा घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आणि मुलं मात्र पुण्याच्याच वेळेवर. उतरल्या दिवशी तक्त्यात एकच ओळ होती, 'हॉटेलवर पोचणे'. तेवढीच पार पाडली.

विमानतळावर लेकीला मुलांचं सुइका, म्हणजे गाडीभाड्याचं कार्ड काढून दिलं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, सहाच्या आतल्यांना शहरी गाड्यांत मोफत. मोठ्यांचं कार्ड गेटवर टेकवलं की नुसतं 'पी' वाजतं, मुलांचं कार्ड टेकवलं की चक्क पाखराची चिवचिव होते. धाकट्याला कार्डच नव्हतं, त्यामुळे पहिलं भांडण टोकियोच्या जमिनीवर पाय ठेवल्यापासून तासाभरात झालं. तोडगा असा निघाला की ताईचं कार्ड त्याने टेकवायचं आणि चिवचिव दोघांची.

मुक्काम निशी-कासाईला. टोकियोत पहिल्यांदा येणारे शिंजुकू, आसाकुसा असलं काहीतरी बघतात. आम्ही मुद्दाम पूर्वेकडचा हा उपनगरी भाग घेतला. २००० सालच्या आसपास आयटीतले भारतीय इथे येऊन राहू लागले, कारण तोझाई लाईनने ओतेमाचीची ऑफिसं पंधरा-वीस मिनिटांवर. आता इथे भारतीय किराणा आहे, डोसा आहे, शाळेचे भारतीय गणवेश दिसतात. हे गाव ज्या एदोगावा वॉर्डात येतं तिथल्या वॉर्ड-सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, हे आईंना सांगितल्यावर त्यांना एकदम आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. रात्री वरण-भात मिळाला. वरणात जिरं जास्त होतं, असं त्या म्हणाल्या, पण दोनदा घेतलं.

टोकियो, दुसरा दिवस

सकाळी आसाकुसाचं सेन्सो-जी. मोठा लाल कंदील, उदबत्त्यांचा धूर अंगावर घेणारी माणसं, दुतर्फा दुकानं. तासाभरात गर्दीने मुलं कंटाळली आणि आम्ही काढता पाय घेतला.

दिवस खरा सार्थकी लागला तो कासाईच्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात. निशी-कासाईहून एकच स्टेशन पुढे, रुळांच्या पुलाखालीच ते आहे. तिकीट अगदी किरकोळ. टोकियोची पहिली भुयारी गाडी १९२७ मध्ये उएनो ते आसाकुसा धावली, आशियातली पहिलीच. त्या काळातला पिवळा डबा इथे जवळून बघता येतो. हाताने धरायचे कडे, लाकडासारखी रंगवलेली पोलादी आतली बाजू. धाकट्याला मात्र डब्यापेक्षा गाडी चालवायचं सिम्युलेटर महत्त्वाचं. रांगेत उभं राहायचं, आपली पाळी आली की मोटरमनच्या खुर्चीत बसून मूठ पुढे ढकलायची, समोर पडद्यावर बोगदा धावत येतो. त्याने गाडी स्टेशनाच्या पुढे नेली, मागचा जपानी मुलगा हसला, मग दोघं मिळून पुन्हा रांगेत. भाषेशिवाय दोघांचं दीड तास व्यवस्थित चाललं होतं. ताई दरम्यान तिकिटं पंच करायच्या जुन्या चिमट्याकडे बघत बसली.

गाईडबुकातल्या पहिल्या दहांत हे ठिकाण बहुधा सापडणार नाही. पाच वर्षांचं मूल बरोबर असेल तर माझ्या मते स्कायट्रीच्या आधी इथे जावं.

टोकियो, तिसरा दिवस

तक्त्यात ह्या दिवशी 'विश्रांती व आसपासचा परिसर' असं लिहिलं होतं. व्हिसाच्या कागदावर असं लिहिलेलं चालतं का, म्हणून नवऱ्याच्या पोटात गोळा होता. चाललं. कपडे हॉटेलच्या कॉईन लाँड्रीत टाकले. ही सोय बहुतेक जपानी हॉटेलांत असते आणि तिच्याच भरवशावर माणशी चार दिवसांचेच कपडे आणले होते. मुलं कोपऱ्यावरच्या बागेत घसरगुंडीवर. आई बाकावर. संध्याकाळी नवरा एकटाच शिबुयाचा चौक बघून आला, फोटो दाखवले, आम्हाला तेवढ्यावर भागलं.

त्याच दिवशी दोन मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून क्योटोला पाठवून दिल्या. ह्याला ताक्क्युबिन म्हणतात. दर बॅगेला दोन-अडीच हजार येन, दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर. पावतीवर पिल्लाला तोंडात धरून चाललेली काळी मांजर. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आणि लहान मूल दोन्ही आहेत त्यांनी दुसरीकडे कुठेही पैसे वाचवावेत, इथे नाही. शिवाय लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर बॅग गेली तर शिनकानसेनमध्ये तिच्यासाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते.

क्योटोकडे

शिनकानसेनच्या साध्या डब्यात एका ओळीत तीन अधिक दोन अशा पाच खुर्च्या असतात. आम्ही पाच. अख्खी ओळ आमची. धाकट्याला मांडीवर घेतलं असतं तर फुकट, पण सव्वादोन तास त्याला मांडीवर कोण धरणार? अर्धं तिकीट काढलं. फुजी पर्वत टोकियोहून जाताना उजव्या हाताला, म्हणजे दोन खुर्च्यांच्या बाजूला दिसतो. तिथे खिडकीशी बसायचा मान आईंना. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने लेक ओरडली आणि सगळ्यांनी माना वळवल्या. खालचा निळा डोंगर दिसला, वरचा बर्फाचा भाग ढगात. "निम्माच दिसला की गं," असं म्हणत आईंनी हात जोडले.

शहरातल्या मेट्रोत कुणी खात नाही. शिनकानसेनमध्ये मात्र सगळे डबे उघडतात. आमचेही उघडले. मेथीच्या ठेपल्यांचा वास डब्याभर गेला, पण पुढच्या रांगेत एक जण तळलेला मासा खात होता, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटला.

क्योटो

क्योटोत देवळं इतकी आहेत की यादी करायला बसलात तर मुलं आयुष्यभर देवळाचं नाव काढणार नाहीत. आम्ही मोजकी घेतली आणि त्यांतलं सानजुसानगेन-दो सगळ्यांवर कडी करून गेलं.

साधारण १२० मीटर लांब लाकडी दालन. आगीनंतर १२६६ मध्ये पुन्हा बांधलेलं. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती. मध्ये एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना उभ्या रांगा. बूट काढून आत जायचं, फोटो काढायचे नाहीत. खरी गंमत पुढच्या रांगेत. तिथे २८ रक्षक देवता उभ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याकडून गेलेल्या. मी आधी वाचून ठेवलं होतं, पण आईंना सांगितलं नव्हतं. त्या एकेका मूर्तीपुढे थांबत चालल्या होत्या. एका पंख असलेल्या, चोच असलेल्या, बासरी वाजवणाऱ्या मूर्तीपुढे त्या थबकल्या.

"हा गरुड दिसतोय गं."

"गरुडच आहे, आई. इथे कारुरा म्हणतात."

मग नारायण सापडला, ब्रह्मदेव सापडला, इंद्र सापडला. दोन्ही टोकांना वारा आणि वीज. वाऱ्याच्या देवाने खांद्यावर वाऱ्याने फुगलेली पिशवी धरलेली. मुलांना तो सर्वांत आवडला. चेहरे मात्र बहुतेकांचे आपल्यासारखे शांत नाहीत, भुवया चढलेल्या, डोळे वटारलेले. आईंचं मत असं पडलं की इतक्या लांब यायचं म्हणजे देवांनाही थोडं तापट व्हावंच लागलं असणार. बाहेर पडायला पाऊण तास लागला, आणि धाकट्याने एकदाही 'कधी जायचं' विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळींसाठी रेल्वे म्युझियम. १९१४ च्या गोलाकार शेडमध्ये वाफेची इंजिनं, आणि १९६४ ची गोल नाकाची पहिली शिनकानसेन. आम्ही तिघी दरम्यान निशिकी बाजारात हिंडलो. फुशिमी इनारीच्या नारिंगी कमानींखालून पहाटे सहाला गेलो, तेव्हा मोकळं होतं. आठनंतर तिथे चालायला जागा नसते. क्योटोच्या बसगाड्यांचंही तसंच. मुलं घेऊन त्यांत चढण्यापेक्षा रेल्वे आणि पाय बरे.

नारा

क्योटोहून पाऊण तास. पासाचा पहिला दिवस. हरणं मोकळी फिरतात, वाकून नमस्कार करतात, आणि बिस्किटं संपली की सदरा ओढतात. लेकीच्या हातातला नकाशा एका हरणाने खाल्ला. धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर चढला तो संध्याकाळीच उतरला.

तोदाई-जीतला बुद्ध साधारण १५ मीटर उंच, ब्राँझचा. सन ७५२ मध्ये त्याच्या डोळ्यांत बुबुळं रंगवण्याचा विधी झाला तेव्हा हातात कुंचला होता तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या. त्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. लेकीने विचारलं, तो इथे कसा आला, तेव्हा तर विमान नव्हतं. चीनमार्गे, बोटीने. "आणि परत कधी गेला?" गेलाच नाही. हे तिला दिवसभर पुरलं.

ओकायामा

नकाशावर बोट ठेवून ओकायामाला मुक्काम म्हटल्यावर ओळखीच्या लोकांनी विचारलं, तिथे काय आहे? एक तर हिरोशिमा इथून शिनकानसेनने चाळीसेक मिनिटं, गाव शांत आणि हॉटेलच्या खोल्या क्योटोपेक्षा ऐसपैस. दुसरं, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या बागेवरून बेतलं ती कोराकुएन इथे आहे. आई आणि त्यांच्या मैत्रिणी तिथे नेमाने फिरायला जातात. त्यांना मूळ प्रत बघायची होती.

स्टेशनासमोर मोमोतारोचा पुतळा. पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा, बरोबर कुत्रा, माकड आणि तितर जातीचा पक्षी, राक्षसांशी लढायला निघालेला. वाटेत त्याने ह्या मंडळींना किबिदांगो नावाचे लाडू देऊन आपल्यात घेतलं. ते किबिदांगो इथे दुकानोदुकानी मिळतात, मऊ, पिठूळ, बेताचे गोड. आजीने ट्राममध्ये गोष्ट सांगितली, त्यात माकडाचा हनुमान कधी झाला ते कळलंच नाही.

कोराकुएन १६८७ मध्ये इकेदा त्सुनामासा ह्या सरदाराने करायला घेतली, १७०० मध्ये पुरी झाली. आत शिरल्याबरोबर आई थांबल्या आणि हिशोब मांडू लागल्या. पाण्याचा पाट तसाच वळत जातो. टेकाड तसंच. कमानीचा छोटा पूल तसाच. पण इथे बागेत भाताचं खाचर आहे, चहाचा मळा आहे, पिंजऱ्यात लाल डोक्याचे क्रौंच आहेत, आणि हिरवळ नजर पोचेल तिथवर. पाठीमागे नदीपलीकडचा काळा किल्ला जणू बागेचाच भाग असावा असा दिसतो. आमच्याकडे त्या जागी इमारती. "आणि शिट्टी नाही," लेक म्हणाली. खरंच, पुण्यात हिरवळीवर पाय पडला की रखवालदाराची शिट्टी वाजते. इथे शिट्टी नाही आणि पायही कुणी ठेवत नाही. आईंनी पाटाच्या कडेला उभ्या उभ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आपली जास्त सावलीची आहे.' अस्सल पुणेरी निकाल, आणि दुपारी बाराच्या उन्हात मला तो पटलाही.

किल्ल्याला काळ्या रंगामुळे 'कावळ्यांचा किल्ला' म्हणतात. १९४५ च्या बॉम्बफेकीत जळला, १९६६ मध्ये काँक्रीटचा उभा केला. जाणकार त्यावर नाक मुरडतात. आत लिफ्ट आहे, त्यामुळे आमच्यातलं कुणी मुरडलं नाही.

हिरोशिमा

ह्या दिवसाबद्दल आमचं पुण्यातच बोलणं झालं होतं. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. लेकीला काय घडलं ते साध्या शब्दांत आधी सांगितलं होतं. धाकट्याला नाही. संग्रहालयात मुलांना न्यायचं नाही हेही ठरलं होतं. भाजलेले कपडे, जळालेला डबा, वितळलेल्या बाटल्या हे नऊ वर्षांच्या मुलीने बघायलाच हवं असं मला वाटत नाही. मोठी झाल्यावर तिची ती येईल. मी आणि आई आत गेलो, नवरा मुलांना घेऊन नदीकाठी.

नंतर सगळे मुलांच्या स्मारकापाशी भेटलो. सादाको सासाकी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. बारा वर्षांची असताना, १९५५ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने गेली. इस्पितळात ती कागदाचे क्रौंच करत राहिली. तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. भोवती काचेच्या कपाटांत जगभरातून आलेले क्रौंच, माळांच्या माळा. लेकीने पुण्याहून करून आणलेले आपले क्रौंच तिथे ठेवले. थोडे वाकडे होते, मानेशी चुरगळलेले. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचं जन्मवर्ष १९५५.

दुपारी बोटीने मियाजिमा. दहा मिनिटांत पोचतो. भरती होती, लाल तोरी, म्हणजे देवळाची कमान, पाण्यात उभी होती. इथेही हरणं. ह्या वेळी नकाशा नवऱ्याने खिशात ठेवला.

ओसाका

आल्याबरोबर सरकत्या जिन्यावर गोंधळ. टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. टोकियोची सवय लागलेले आम्ही पाचही जण डावीकडे उभे, आणि मागे घाईतल्या लोकांची रांग. इथे माणसं मोठ्याने बोलतात, हसतात, दुकानदार हाका मारतात. आठवडाभर दबक्या आवाजात वागलेल्या मुलांना सुटका झाल्यासारखं झालं.

काइयुकान मत्स्यालयात व्हेल शार्क बघितला, रात्री डबा रिकामा केला. मेतकूट संपलं होतं, बाकरवडीचं एक पाकीट उरलं होतं ते हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि आतल्या सगळ्यांना वाटलं.

कानसाई विमानतळावर नवऱ्याने खिसे रिकामे करून नाण्यांचा ढीग मुलांपुढे ओतला आणि सांगितलं, संपवा. ताईने शंभराची उचलून यंत्रातून द्राक्षाचा रस काढला, मग पन्नासची, मग दहाची. एक आणि पाच येनची नाणी यंत्र घेत नाही. एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन एक ग्रॅम, पाण्यावर अलगद ठेवलं तर तरंगतं. पाचच्या नाण्याला मध्ये भोक. ती सगळी धाकट्याच्या वाट्याला आली. सुरक्षा तपासणीत त्याच्या खिशातून ती एकेक करून ट्रेमध्ये काढली, आणि तो पलीकडे जाऊन पुन्हा एकेक मोजून घेत बसला. मागे रांग थांबली होती, पण कुणी काही बोललं नाही.